राणीसाहेबांच्या मनगटावरचा तपकिरी पट्टा

कापसाचा बोळा तपकिरी झाला आणि त्याच्याखाली हिरवं दिसलं. बोटाच्या पेराएवढंच. मी बोळा बाजूला ठेवला आणि भिंग लावलं. बांगडी होती. काचेची, हिरवी. तिच्यावर चित्रकाराने उजेडाचा बारीक पांढरा ठिपकासुद्धा ठेवला होता.

"हे काय केलंत तुम्ही?" मागून संग्रहालयाच्या देवयानी मॅडम म्हणाल्या.

"मी काही केलं नाही. जे होतं ते दिसायला लागलंय."

"तिथे पट्टा होता."

"पट्टा नंतरचा आहे, मॅडम. कुणीतरी बांगड्यांवर रंग फासलाय."

मग त्यांनी फोन काढला आणि ट्रस्टच्या सचिवांना बोलावून घेतलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता भांडण होणार. पण मी बांगडी बघत बसलो होतो. इतकी वर्षं अंधारात राहिलेली बांगडी पहिल्यांदा आपल्याला दिसते, तेव्हा माणूस जरा गाफील होतो.

मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करतो. सांगलीत माझं दुकान आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते फोटोफ्रेमचं दुकान वाटतं, आणि पोट त्याच्यावरच चालतं. आतल्या खोलीत चित्रं असतात. माझा बाप मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा. मी सतराव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत लागलो, तिथून मुंबईला एका संग्रहालयात गेलो आणि सहा वर्षं एका पारशी गृहस्थांच्या हाताखाली शिकलो. डिग्री नाही. त्यामुळे मला कुणी 'कॉन्झर्व्हेटर' म्हणत नाही. मिस्त्री म्हणतात. मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

हे चित्र सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा जुन्या संस्थानच्या संग्रहालयातलं. संस्थानचं नाव लिहीत नाही, पण चित्र आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. साखर कारखान्याच्या कॅलेंडरवर, पतसंस्थेच्या डायरीवर, महिला मेळाव्याच्या बॅनरवर. राणीसाहेब खुर्चीत बसलेल्या, अंगावर जांभळी पैठणी, मागे अंधार, दोन्ही हात मांडीवर. कपाळावर कुंकू नाही. तिथे अंगठ्याएवढा एक फिकट डाग आहे. दोन्ही मनगटांवर तपकिरी पट्टे. चित्रावर तारीख नाही. राजेसाहेब तरुणपणीच वारले, त्यामुळे चित्र त्यांच्या माघारी काढलेलं आहे असं सगळे धरून चालले होते.

काम घेताना मॅडमनी मला या चित्रावर लिहिलेलं सगळं वाचायला दिलं होतं. मी ते नीट वाचलं, कारण मला फुकट मिळालेली गोष्ट टाकून देता येत नाही. सगळ्यात जुनी एक पुस्तिका होती. तिच्यात राणीसाहेब म्हणजे वैराग्याची मूर्ती. मागचा अंधार हा शोक, कपाळावरचा डाग म्हणजे तपाचं तेज. स्वातंत्र्यानंतर एका हेडमास्तरांनी लेख लिहिला. त्यांच्या मते मनगटावरचे पट्टे म्हणजे गुलामीच्या बेड्या, आणि चित्रकाराने त्या इंग्रज रेसिडेंट साहेबाच्या नाकावर टिच्चून रंगवल्या. पुढे शहरातल्या एका समीक्षकाने लिहिलं की डाग आणि पट्टे हे मुद्दाम अपुरे ठेवलेले भाग आहेत, चित्रकार काळाच्या पुढे होता. आणि शेवटचं, देवयानी मॅडमचं पुस्तक. त्याची छपाई चालू होती. त्यांचं म्हणणं असं की कुंकू नसलेली बाई त्या काळात माजघरातून बाहेर येत नव्हती. ही बाई पैठणी नेसून, रिकामं कपाळ पुढे करून चित्रकारासमोर बसली. हेच बंड.

मॅडमचं वाचून मला पटलं होतं, हे खरं सांगतो. चौघांत तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं. फक्त चौघांपैकी एकानेही चित्र भिंतीवरून उतरवून बघितलं नव्हतं.

मी उतरवलं. पहिल्याच दिवशी संग्रहालयातली खोली बंद करून बाजूने बॅटरी मारली. उजेड समोरून आला की चित्र दिसतं. बाजूने आला की त्याच्यावर झालेले वार दिसतात. कपाळावरचा डाग रंगवलेला नव्हताच. तो खरवडलेला होता. रंग गेला होता, खालचं पांढरं अस्तर गेलं होतं, कापडाचे धागे उघडे पडले होते. त्या धाग्यांत करडे कण अडकले होते. भिंगाखाली घेतले. राख. भांडी घासतात तसं कुणीतरी ओल्या राखेने राणीसाहेबांचं कपाळ घासलं होतं. कडेला, जिथे हात पोचला नव्हता तिथे, तांबडा रंग केसाएवढा शिल्लक होता.

मनगटावर अतिनील दिवा लावला. या दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर लावलेला रंग काळा पडतो. पट्टे काळे पडले. शिवाय जुन्या वॉर्निशला गेलेल्या भेगांत तो तपकिरी रंग उतरला होता. म्हणजे चित्र वाळून, जुनं होऊन, भेगा पडल्यावर कुणीतरी ब्रश घेऊन बसलं होतं. आणि हात चित्रकाराचा नव्हता. दारं रंगवणाऱ्याचा असावा.

हे सगळं बघताना मला कळायला वेळ लागला नाही. कारण मी स्वतः हे केलंय.

स्टुडिओत असताना माझं काम रिटचिंगचं होतं. फोटोवर बारीक ब्रशने डाग बुजवायचे, सुरकुत्या कमी करायच्या. कुणाचा नवरा गेला की तेराव्यानंतर घरातला एखादा दीर जोडप्याचा फोटो घेऊन यायचा. त्यांना भिंतीवर फोटो हवा असायचा, पण जशी ती बाई आता आहे तसा. "हिचं कुंकू तेवढं काढ." कृष्णधवल फोटोत कुंकू म्हणजे काळा ठिपका. ब्लेडच्या टोकाने खरवडायचं आणि वर करड्या रंगाचा हात मारायचा. बांगड्या असतील तर त्यांच्यावर पदर ओढल्यासारखं रंगवायचं. मी दहा-बारा फोटो केले असतील. पहिल्यांदा हात थांबला होता, तेव्हा मालक म्हणाले, "फोटोतली बाई बोलत नाही. उरक लवकर." मी उरकलं. हात साफ होता, मालक खूश होते.

तर मला ती खूण ओळखायला कुणाचं पुस्तक लागलं नाही. खरवडणारा नेहमी ठिपक्यापेक्षा थोडं जास्त खरवडतो. राणीसाहेबांच्या कपाळावरही तसंच होतं. राजेसाहेब गेल्यावर घरात बाईचं जे झालं, ते कुणीतरी तिच्या चित्राचंही केलं होतं. चित्र काढलं तेव्हा राजेसाहेब जिवंत होते आणि राणीसाहेब हातभर बांगड्या घालून बसल्या होत्या.

सचिव आले. सुभेदार माने. सैन्यातून रिटायर झालेले, आवाज अजून परेड ग्राउंडवरचा.

"आवं मिस्त्री, हे काय करून ठिवलंय? पंधरा दिवसांवर प्रदर्शन हाय."

"लोहार म्हणा. दत्तात्रय लोहार."

"बरं, लोहार. तुमाला चित्र पुसायला सांगितलं हुतं का खोडायला?"

मी त्यांना बॅटरी मारून दाखवली. दिवा लावून दाखवला. त्यांनी बघितलं. माणूस मूर्ख नव्हता. बघून झाल्यावर ते मॅडमकडे वळले आणि आवाज एकदम खाली आला. "मॅडम, पुस्तकाचं काय?"

"पुस्तक छापून झालंय," मॅडम म्हणाल्या. "मुखपृष्ठावर हेच कपाळ आहे."

मग मान्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की मी वाढवून सांगतोय. मनगटावर मी उघडलेली जागा पुन्हा तपकिरी रंगवायची. कपाळावरचा डाग त्वचेच्या रंगाने बुजवायचा, म्हणजे कपाळ स्वच्छ रिकामं दिसेल. आणि रिपोर्टमध्ये लिहायचं की काळाच्या ओघात रंग झिजला होता.

"म्हणजे ज्याने राख घासली त्याचं राहिलेलं काम मी पुरं करायचं," मी म्हणालो.

"तसं न्हवं."

"मग कसं?"

"आवं, लोक ह्या राणीला बंडखोर म्हणून बघायला येत्यात. आमच्या पोरीबाळी तिचं नाव घेत्यात. तुमी म्हणताय तिला घरच्यांनीच पुसली. कुणाला सोसंल ते?"

"मला सोसतंय ना. तुम्हालाही सोसेल."

माने भडकले. म्हणाले, काम थांबवा, चित्र मुंबईला पाठवतो, आणि लेखी कळवतो की सांगलीच्या मिस्त्रीने बाटलीतलं औषध लावून चित्राची नासाडी केली. हे त्यांनी मॅडमसमोर, झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंसमोर, दार उघडं ठेवून म्हटलं. आमच्या धंद्यात एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्या दिवशी सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत एकही माणूस माझ्या हातात चित्र देणार नाही. पंचवीस वर्षांत मिळवलेलं नाव मला ते दार बंद करायच्या आत वाचवायचं होतं.

मी बॅग उघडली आणि कंडिशन रिपोर्ट काढला. कंडिशन रिपोर्ट म्हणजे कामाला हात लावायच्या आधी चित्र कसं आहे त्याचा कागद. कुठे फाटलंय, कुठे भेग आहे, सगळं फोटोसकट. मी तो प्रत्येक पानावर मालकाची सही घेतल्याशिवाय कामाला बसत नाही. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: कपाळावर घासल्याच्या खुणा, दोन्ही मनगटांवर नंतरचा रंग, चाचणी म्हणून एक सेंटिमीटर जागा उघडून बघणे. खाली सुभेदार मान्यांची सही, शिक्क्यासह.

"ही सही कुणाची?"

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. "मी हे वाचलं न्हवतं."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर तारीख-वेळ घालून घेतली."

शेवंताबाई दारात उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. साठीच्या असतील. आता त्या म्हणाल्या, "दसऱ्याला समद्या राण्यांस्नी आमी हळद-कुंकू लावतो. काचंवर. हिला निस्तं फूल. सासूनं सांगितलं हुतं, हिला कुंकू चालत न्हाई."

"का चालत नाही, विचारलं नाही कधी?" मॅडमनी विचारलं.

"त्यात काय इचारायचं? मलाबी चालत न्हाई की."

त्या पुढे आल्या, वाकून बांगडी बघितली. मग मला म्हणाल्या, "कपाळाला परत लावशीला का?"

"नाही मावशी. तिथे रंगच उरला नाही. मी लावलं तर ते माझं होईल, तिचं नाही."

"व्हय. ते बी खरंच," त्या म्हणाल्या आणि फडकं घेऊन दुसऱ्या दालनात गेल्या.

त्यानंतर खरी घासाघीस सुरू झाली. मी सांगितलं, डाग बुजवणार नाही, दोन्ही मनगटं साफ करणार, आणि चित्राखालच्या पाटीवर लिहायचं की मूळ चित्रात कुंकू आणि हिरव्या बांगड्या होत्या, त्या नंतर पुसल्या गेल्या. खाली माझं नाव.

मॅडम आता शांत झाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं. "दत्तात्रयजी, तुम्ही म्हणता ते मी मान्य करते. पण तो तपकिरी रंग हासुद्धा पुरावा आहे. कुणीतरी एका बाईच्या चित्राला विधवा केलं. तो रंग तुम्ही काढून टाकलात की मनगट छान दिसेल, आणि ती गोष्ट झालीच नव्हती असं होईल. मग पुसणारा कोण? तो की तुम्ही?"

मला राग आला. खरं म्हणजे राग अशासाठी आला की मुद्दा बरोबर होता. फोटो आहेत, रिपोर्ट आहे, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, रिपोर्ट कपाटात राहतो, चित्र भिंतीवर.

मान्यांना पट्टे हवे होते, मला बांगड्या हव्या होत्या. तास गेला, चहा दोनदा आला. मी लहानपणापासून भाव करत आलोय. यार्डात बाप पोती टाकायचा आणि मी व्यापाऱ्यांच्या हातांकडे बघत शिकायचो. समोरचा अडला की मधोमध तोडायचं, दोघं हसत घरी जातात. मी तेच केलं.

"उजवा हात मी साफ करतो," मी म्हणालो. "डावा आहे तसा राहू द्या. एकावर काय होतं ते दिसेल, दुसऱ्यावर काय केलं ते दिसेल. पाटीवर दोन्ही लिहा. कपाळाला कुणी हात लावायचा नाही."

माने लगेच तयार झाले. मॅडमनीही मान हलवली. मला त्या वेळी वाटलं, आपण जिंकलो. मी उजवं मनगट चार दिवसांत साफ केलं. सात बांगड्या निघाल्या. हिरवा इतका ताजा होता की बाजूची पैठणी फिकी वाटायला लागली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सांगलीहून एसटीने गेलो. स्वच्छ शर्ट घालून गेलो होतो. पाटी वाचली. तिच्यावर राणीसाहेबांचं नाव, चित्रकार अज्ञात, तैलरंग, आणि खाली अगदी बारीक अक्षरांत: उजव्या मनगटाची स्वच्छता अलीकडेच स्थानिक कारागिराकडून. बस. कुंकू नाही, राख नाही, नाव नाही. मी मान्यांना गाठलं.

"पाटी लहान हाय वो," ते म्हणाले. "बसंना तेवढं."

"बोली काय झाली होती?"

"तोंडी हुती ना ती."

त्यांनी हे हसत सांगितलं. कागदावर सही घेणारा मी, आणि पाटीचा मजकूर मात्र तोंडी ठेवला होता. मॅडमकडे गेलो, तर त्या म्हणाल्या की पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या सगळं लिहिणार आहेत. लिहितीलही. पुढची आवृत्ती मी अजून पाहिलेली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण महिन्याभराने एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला. लिहिणारे समीक्षक पुण्याचे. त्यांनी चित्र नव्याने वाचलं होतं. त्यांच्या मते आजवर सगळ्यांनी या चित्रातली मुख्य गोष्ट नजरेआड केली होती: राणीचे दोन हात. उजव्या हातात हिरवा चुडा, म्हणजे संसार. डाव्या हातावर मातीच्या रंगाचा पट्टा, म्हणजे संन्यास. मधे रिकामं कपाळ, जिथे निर्णय अजून व्हायचा आहे. हा तोल अज्ञात चित्रकाराने किती जाणीवपूर्वक साधला आहे, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

तो तोल मी साधला होता. तिसऱ्या चहाच्या आधी, मान्यांशी भाव करताना.

मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, सोबत फोटो जोडले. छापलं नाही. समीक्षकांचा नंबर मिळवून फोन केला. ते सभ्यपणे बोलले. म्हणाले, तुमची तांत्रिक माहिती रंजक आहे, पण प्रेक्षकासमोर आज जे चित्र आहे त्याचाच अर्थ लावावा लागतो. मी म्हणालो, आज जे आहे ते मी केलंय, माझा अर्थ लावा. त्यांनी फोन ठेवला.

शेवटी मी मान्यांना फोन केला. सांगितलं, डावा हात साफ करून देतो. पैसे नकोत, प्रवासखर्च नको, पाटीवर नाव नको. आयुष्यात मी कुणाला असं बोललेलो नाही. बायको शेजारी उभी होती, तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"आता कसं जमायचं, लोहार?" माने म्हणाले. "लेख आल्यापासनं गर्दी वाढलीय. कालिजची पोरं सहली घिऊन येत्यात, दोन हात बघाय. गाईडबी तेच सांगतोय. आता एक हात पुसला तर लोक म्हंत्याल, सांगलीच्या मिस्त्रीनं चित्र खोडलं."

भाव करावा तो मजुरीचा, फ्रेमचा, काचेचा. चित्राच्या कामात मधोमध तोडायचं नसतं, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. आता माझ्या कंडिशन रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक ओळ जास्त आहे: काम पूर्ण होईल, किंवा सुरूच होणार नाही. पाटीवर काय लिहायचं ते दुसऱ्या पानावर असतं, आणि त्याच्या खालीही मालकाची सही मी आधी घेतो.